‘वाढव’ म्हणजे काय

चौकशी समितीने मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "मॅडम, वाढव म्हणजे काय?"

मी म्हटलं, "कशाच्या बाबतीत?"

"सर्वसाधारण."

आता सर्वसाधारण वाढव म्हणजे काय हे मला का विचारावं? मी काय शाळेत भाषा शिकवते? मी रॉकेटच्या इंजिनाला दाब देणारी बाई. पण टेबलापलीकडे तिघं जण पेनांची टोपणं काढून बसले होते, म्हणून म्हटलं, "वाढव म्हणजे जास्त कर."

मधे बसलेल्या मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मान हलवली. त्यांच्या उजवीकडे सुरक्षा अधिकारी होते. त्यांना सगळे हेल्मेट म्हणतात, कारण कँटीनमध्येसुद्धा ते डोक्यावरचं काढत नाहीत. हेल्मेट म्हणाले, "आणि दुकान वाढव म्हणजे?"

"बंद कर."

"आमच्या वडिलांचं दुकान होतं. रोज रात्री वाढवायचे. बरं, दिवा वाढव?"

"तेही बंदच."

"आणि जेवायला वाढ?"

"ते वाढ झालं, वाढव नाही," डावीकडचे टाकीवाले मधेच म्हणाले. हे इंधनाच्या टाक्या बनवणाऱ्या विभागातून समितीवर आले होते. "वाढ वेगळं, वाढव वेगळं."

"वेगळं कसं? धातू एकच ना?" हेल्मेट म्हणाले.

"धातूचं मला सांगू नका, तीस वर्षं टाक्या करतोय मी."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. एका शब्दापायी मंगळावर जाणारं यान अडलं होतं, आणि तो शब्द ऐकणारी मी होते.

झालं होतं ते असं. मंगळाकडे जाणाऱ्या यानाचं मोठं इंजिन आमच्याकडे तयार होतं. मोठं म्हणजे बादलीएवढं. नुसतं जायचं असतं तर फारशी कटकट नव्हती, एकदा इथून जोरात ढकललं की यान आपलं आपण जात राहतं. खरी भानगड पोचण्याची असते. मंगळापाशी येईपर्यंत यान इतक्या वेगात असतं की वेग कमी केला नाही तर ते ग्रहाच्या बाजूने सरळ निघून जाईल, आणि मग कुठे गेलं ते विचारायलाही नको. आणि तिथे ब्रेक लावायचा म्हणजे काय, तर यान उलटं फिरवायचं, इंजिनाचं तोंड पुढे करायचं आणि ते पेटवायचं. थांबायचं असेल तर पेटवा. माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. त्याला हे मी चमच्यांनी, पेनांनी, बुटांनी समजावलं. तो दर वेळी म्हणतो, "कळलं, पण पटत नाही."

बरं, हे इंजिन त्याआधी जवळजवळ दहा महिने झोपलेलं असतं. तेवढ्या काळात टाकीतला दाब थोडा उतरतो. उठल्याबरोबर त्याने मुकाट्याने पेटायचं आणि बराच वेळ जळत राहायचं. नाही पेटलं तर इथून कोणी काही करू शकत नाही, कारण आपला निरोप तिथे पोचायलाच कितीतरी मिनिटं लागतात. म्हणून आम्ही जमिनीवरच एका भल्यामोठ्या लोखंडी चेंबरमधली हवा काढून घेतो, त्यात इंजिन थंडगार करून ठेवतो, दाब मुद्दाम उतरवतो आणि पेटवून बघतो.

चेंबरच्या जाड काचेपाशी माइक घेऊन फोरमन उभे राहतात. ते बघतात, भिंतीतून येणारा आवाज ऐकतात आणि सांगतात. पॅनल पलीकडच्या खोलीत, चेंबरच्या भिंतीला लागून आहे. तिथे मी हेडफोन लावून बसते आणि सांगतील तसा दाब कमी-जास्त करते. आणि हे फोरमन म्हणजे माझे सासरे.

कामावर मात्र आम्ही सासरा-सून नव्हतो. हा त्यांचाच नियम. गेटच्या आत मी त्यांची मॅडम, अहो-जाहो, दुसरी गोष्ट नाही. मीही त्यांना फोरमनसाहेबच म्हणायचे, बाबा फक्त घरी. गेटच्या बाहेर पाऊल पडलं की लगेच, "अगं, डबा विसरलीस की काय आत?"

घरात त्यांच्याकडे आणखी एक खोड होती. जळत्या वस्तूला बंद कर, विझव असं कोणी म्हणायचं नाही, म्हणायचं वाढव. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "दूध तापलंय, गॅस वाढव." मी मोठा केला. दूध ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून माझ्या पायांवर. तेव्हापासून घरातला वाढव मला पक्का ठाऊक आहे. कामावर तसं नव्हतं. तिथे ‘वाढवा’ म्हणजे दाब जास्त करा. आणि बंद करायचं असलं की बाबा म्हणायचे, "आवरा." कागदावर ‘बंद’ होतं, पण सगळ्यांना त्यांच्या ‘आवरा’ची सवय झाली होती.

त्या दिवशी इंजिन पेटलं आणि लगेच गुरगुरायला लागलं. नळाला पाणी कमी आलं की तो कसा धडधडतो, तसं. इंधन कमी जोराने आत येतं, आतली आग त्याला मागे रेटते, ते पुन्हा येतं, आग पुन्हा रेटते. ही गुरगुर वाढत गेली तर इंजिन फुटतं, म्हणून गुरगुर ऐकू आली की इंजिन बंद करायचं असा नियम आहे. भिंत थरथरत होती. माझा चहाचा कप टेबलावरून सरकत चालला होता. आणि हेडफोनमध्ये आवाज आला, "वाढव."

माझा हात फिरला. दाब चढला. गुरगुर थांबली आणि इंजिन शेवटपर्यंत शांतपणे जळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग हेल्मेटनी विचारलं, "पण हे करायला सांगितलं कोणी?" आणि तिथून ही समिती निघाली.

कारण बाबांनी जास्त कर म्हटलं असेल, तर अनुभवी माणसाने विचार करून घेतलेला तो निर्णय ठरत होता. नियम मोडला म्हणून थोडी बोलणी खावी लागली असती, पण दाबाचा नवा आकडा पक्का, इंजिन पास, यान वेळेत रवाना. बाबांनी बंद कर म्हटलं असेल आणि मी नेमकं उलटं केलं असेल, तर इंजिनाला जे मिळालं ते कोणीच ठरवून दिलेलं नव्हतं. मग मी पॅनलवरून उतरणार आणि सगळ्या टेस्ट पुन्हा होणार. त्या नादात मंगळ आणि पृथ्वी सोयीच्या जागी असण्याचे मोजके दिवस निघून जाण्याची भीती, आणि ती संधी पुन्हा यायला दोन वर्षं तरी जाणार. बाबा तर दोनच महिन्यांत निवृत्त होणार होते. त्यांचं हे शेवटचं इंजिन, आणि ते गेलेलं त्यांना बघायचं होतं.

"तुम्हाला त्या क्षणी काय कळलं?" मोठ्या बाईंनी मला विचारलं.

इथेच माझी बोंब होती. मला आठवत नव्हतं. हात फिरला एवढं आठवतं. आधी कळलं आणि मग हात फिरला, की हात फिरला आणि मग कळल्यासारखं वाटलं, देव जाणे. मी जास्त कर असं ऐकलं म्हणावं तर दुधाचं भांडं डोळ्यांपुढे यायचं. बंद कर असं ऐकलं म्हणावं, तर मग मी काय वेडी आहे का दाब चढवायला? जितका विचार करावा तितकं डोकं पिंजून निघत होतं. शेवटी म्हटलं, "मला नक्की सांगता येत नाही." टाकीवाल्यांनी तेवढं वाक्य लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

चौकशी संपेपर्यंत आम्ही दोघांनी या विषयावर एकमेकांशी बोलायचं नाही, असा हुकूम निघाला. हुकूम काढणाऱ्याला काय जातं? आम्ही एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो. बाबा भाजीच्या पातेल्याकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि स्वतःच उठून डाव घ्यायचे, कारण वाढ म्हणायचीही चोरी. सासूबाई म्हणाल्या, "तुमचं मंगळाचं काय ते मंगळावर ठेवा. घरात हे मौनव्रत मला चालायचं नाही." नवऱ्याने तोडगा काढला की दोघांनी त्याच्याशी बोलावं, तो निरोप पोचवेल. मी त्याला म्हटलं, "बाबांना विचार, त्यांना काय म्हणायचं होतं." तो गेला आणि परत आला. "बाबा म्हणतात, तिला सांग नीट झोप म्हणावं." घ्या. याला निरोप म्हणतात.

मला खरंच झोप लागत नव्हती. मला राग येत होता, तोही नक्की कोणाचा ते कळत नव्हतं. एक सरळ शब्द असता तर काय बिघडलं असतं या घराण्याचं?

दुसऱ्या बैठकीला आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माझ्याकडे बघून "नमस्कार मॅडम" म्हणाले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. हेल्मेटनी माइकचं रेकॉर्डिंग आणलं होतं. सूर ऐकून अर्थ लागतो का बघू, असं त्यांचं म्हणणं.

रेकॉर्डिंग लावलं. आधी बाबांचा रोजचा संथ आवाज. "दाब बघून घ्या मॅडम. हं. पेटवा." मग गुरगुर. मग "वाढव."

"पुन्हा लावा," टाकीवाले म्हणाले. "आज्ञा वाटते. जास्त कर अशी."

"मला घाईचा वाटतो सूर," हेल्मेट म्हणाले. "शटर ओढतानाचा."

पुन्हा लावलं. मग पुन्हा. "बघून घ्या मॅडम. पेटवा." आणि "वाढव." तिसऱ्या खेपेला मला ऐकू आलं. सूर गेला खड्ड्यात. घ्या. पेटवा. आणि मग वाढव. वाढवा नव्हे, वाढव.

इतक्या वर्षांत गेटच्या आत बाबांनी मला एकदाही अगं-तुगं केलेलं नव्हतं. आणि त्या सेकंदाला ते मॅडमशी बोलतच नव्हते. ते घरातल्या मुलीशी घरातलं बोलत होते. घरातल्या वाढवचा अर्थ एकच.

मी तिघांकडे बघितलं. कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्यांना शब्दाचा अर्थ हवा होता, शेवटचा काना कोण बघतो?

"फोरमन," मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा आता. काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

बाबांनी घसा साफ केला. "दाब जास्त करा, असंच म्हणायचं होतं. गुरगुर कमी दाबाची होती. मॅडमनी बरोबर तेच केलं. नियम मी मोडला, ते माझ्यावर."

खोलीत सगळे एकदम सैल झाले. टाकीवाल्यांनी पेनाला टोपण लावलं. मोठ्या बाई हसल्या. संपलं होतं सगळं. इंजिन पास, मी पॅनलवर, बाबा मानाने निवृत्त. मी गप्प बसायचं होतं, बास.

आणि मला गप्प बसवेना. माझ्या डोळ्यांपुढे ते यान आलं. तिथे दूर ते उलटं फिरेल, पेटेल, आणि आम्ही त्याला एक आकडा देऊन पाठवलेलं असेल जो कोणी ठरवलाच नव्हता, चुकून एकदा बरोबर आला होता. पुन्हा गुरगुरलं तर तिथे ना काच आहे, ना माइक, ना मी. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं, तेही मला वाचवायला बोललेल्याला.

"बाबा," मी म्हटलं. गेटच्या आत पहिल्यांदाच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मला इथे कधी अगं-तुगं करता का?"

बाबा शर्टाची बाही सारखी करायला लागले.

"रेकॉर्डिंगमध्ये वाढव आहे. वाढवा नाही. मॅडमला सांगितलं असतं तर वाढवा म्हणाला असतात, नाही तर आवरा म्हणाला असतात."

हेल्मेटनी पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. या वेळी सगळ्यांनी ऐकलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

बाबा टेबलाकडे बघत म्हणाले, "मी घाबरलो होतो. भिंत हलत होती आणि भिंतीपलीकडे ही होती. बंद कर, असंच म्हणालो मी. तिला कळलं नाही, त्यात तिचा दोष नाही. मी कामावर असताना घरातलं बोललो."

"मग आत्ता जास्त करा असं का सांगितलंत?" टाकीवाल्यांनी विचारलं.

"तिचं पॅनल गेलं असतं," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली आणि सत्य वगैरे सगळं नकोसं झालं.

मोठ्या बाईंनी निकाल दिला. एक चुकून झालेली टेस्ट धरायची नाही. हातात उरलेल्या दिवसांत दाब आधी ठरवून, तीच गुरगुर मुद्दाम आणून, तीन वेळा पुन्हा करायचं. शब्द ठरलेले: जास्त, कमी, बंद. बाकी एक शब्द बोलायचा नाही. "फोरमन माइकवर, मॅडम पॅनलवर. आधीसारखंच."

"मला काढा," बाबा म्हणाले.

"कोणी शिक्षा करत नाहीये तुम्हाला."

"शिक्षेचं नाही. हिला ठेवा, हिचा हात चांगला आहे. मला काढा." आणि ते उठून उभे राहिले, म्हणजे विषय संपला.

मी दोन दिवस धुमसत होते. आता बोलायची बंदी उठली होती, तर बाबाच बोलत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "आधी टेस्ट उरकून घे." मला वाटलं, मी चारचौघांत त्यांचा अपमान केला म्हणून रुसले. मग वाटलं, नाही, रुसणाऱ्यातले नाहीत ते. मग काय? सासूबाई म्हणाल्या, "मलाही काही थांगपत्ता लागत नाहीये. तुझं तूच बघ."

टेस्ट झाल्या. काचेपाशी एक नवा माणूस उभा होता, शब्द खणखणीत उच्चारणारा. तिन्ही वेळा इंजिन पेटलं, कमी दाबाला गुरगुरलं, "जास्त" आलं, मी दाब दिला आणि ते शांत जळत राहिलं. दाबाचा आकडा पक्का झाला. यान वेळेत निघणार हे त्याच संध्याकाळी फलकावर लागलं. लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते आणि मी बाबांना शोधत होते.

ते गेटच्या केबिनपाशी सापडले. उरलेली रजा टाकून ते कायमचे निघाले होते आणि आपला पास जमा करायला आले होते. पहारेकरी आत काहीतरी शोधत होता.

"तिन्ही वेळा शांत झालं," मी सांगितलं.

"व्हायचंच होतं."

"व्हायचंच होतं म्हणजे?"

"कमी दाबाची गुरगुर आहे हे त्या दिवशीच ऐकू आलं होतं मला. जरा दाब दिला असता तर गप्प बसणार, असं वाटलंही होतं."

माझं डोकं पुन्हा गरगरायला लागलं. "म्हणजे समितीपुढे पहिल्यांदा बोललात ते खरं होतं? की दुसऱ्यांदा बोललात ते?"

"दोन्ही थोडं थोडं."

"बाबा, कृपा करून मला एकदा सरळ सांगा. वाटलं होतं ना, मग बंद कर का म्हणालात?"

"खात्री कुठे होती? वाटलं होतं फक्त. फुटलंही असतं. आणि भिंतीपलीकडे तू होतीस."

मला रडू आलं. इतकी वर्षं मी या माणसाला इंजिनांपलीकडे काही दिसत नाही असं समजत होते. मी त्यांचा हात धरला, आणि धरल्या धरल्या मनात दुसरंच काहीतरी आलं.

"आणि तिथे दुसरं कोणी बसलेलं असतं तर?"

बाबांनी माझा हात सोडवला नाही, पण नजर केबिनच्या खिडकीकडे वळवली.

"तर वाढवा म्हणालो असतो," ते म्हणाले. "तुझ्याआधी तिथे बसलेल्यांना तसंच म्हणत आलो. ती पण कोणाची तरी पोरं होती, हे त्या दिवशी कळलं मला."

पहारेकऱ्याने हात बाहेर काढला. बाबांनी गळ्यातला पास काढून त्याच्या हातावर ठेवला.